रथसप्तमीचा वाफा



स्मरणिकेसाठी इतिहासाचा लेख लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी समितीला एक अट घातली. नोंदणी कधी झाली, ताबा कधी मिळाला, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, वर्गणी किती होती आणि किती झाली, हे सगळं अध्यक्ष आणि सचिवांच्या मनोगतात येणारच आहे. मी लिहीन ते पूर्वेच्या कंपाउंड भिंतीलगतच्या वाफ्याबद्दल. समितीतले तरुण हसले. "काका, वाफ्याला कसला आलाय इतिहास?" म्हणाले. त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे.

पाकिटावरचा फेब्रुवारी

आपण राहायला आलो तेव्हा आजूबाजूला नुसता माळ होता. एमआयडीसीकडची जमीन मुरमाड, पहार मारली की ठिणगी उडायची. कंपाउंडची भिंत बांधून झाल्यावर थोडे पैसे उरले, त्यातून दोन ट्रेलर काळी माती आणून भिंतीच्या कडेला ओतली. चार फूट रुंद आणि भिंतीएवढा लांब असा तो पट्टा. तोच आपला वाफा.

दुसऱ्या वर्षी माझा भाचा इंग्लंडहून आला. येताना त्यानं फुलांच्या बियांची तीन पाकिटं आणली : पिटुनिया, फ्लॉक्स आणि पॅन्सी. प्रत्येक पाकिटाच्या मागं लिहिलेलं, हिवाळा सरत आला की फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात ट्रेमध्ये बी पेरा आणि मे महिन्यात रोपं बाहेर लावा. मी कंपनीतला माणूस. ड्रॉइंगवर जे माप आहे तेच काढायचं, ही आयुष्यभराची सवय. फेब्रुवारीत पेरलं. छान उगवलं. मार्चमध्ये रोपं वाफ्यात लावली, सगळ्यांना बोलावून दाखवली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पानं कागदासारखी वाळली आणि मे उजाडेपर्यंत वाफ्यात एक काडी राहिली नाही.

तळमजल्यावरच्या आजी रोज संध्याकाळी भिंतीपाशी खुर्ची टाकून बसत. त्या म्हणाल्या, "आरं बाबा, थंडीचं फूल तू उन्हाच्या तोंडाला दिलंस. त्या बियाचा काय दोष?"

मी विचारलं, "मग आता काय लावायचं?"

"आता काही नाही. पुढल्या सालाला रथसप्तमीला माझ्याकडं ये."

साहेबांचीही हीच चूक

माझी चूक काय झाली ते नंतर वाचनातून कळलं, आणि जरा बरंही वाटलं. कारण दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या गोऱ्या साहेबांनाही हाच धडा शिकावा लागला होता.

इंग्लंडात हिवाळा म्हणजे शत्रू. फेब्रुवारीत बाहेर जमीन गारठलेली, दहिवर पडलं की कोवळं रोप जळणार. म्हणून बी घरात, काचेआड, उबेला पेरायचं आणि थंडी गेली की बाहेर काढायचं. म्हणजे तिकडं हिवाळ्याच्या शेवटी पेरायचं ते थंडीपासून वाचवून पुढच्या सौम्य उन्हाळ्यासाठी. आपल्याकडं उलटं. बारामतीची थंडी म्हणजे फुलांचा सुखाचा काळ, आणि फेब्रुवारी संपला की खरी परीक्षा सुरू. तिथल्या उन्हाळ्यात फुलणारी पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी ही सगळी मंडळी इथं आपल्या हिवाळ्यात फुलतात. त्यांचं बी पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडायला हवं.

इंग्रजी बी बोटीनं यायचं. १८६९ साली सुएझ कालवा सुरू होण्याआधी आफ्रिकेला वळसा घालून यायला महिनोन् महिने लागत, आणि दमट हवेत बियांची उगवण कमी होई. कालव्यामुळे बी ताजं पोचू लागलं, पण त्याच्याबरोबरचं कॅलेंडर तिकडचंच राहिलं. ते इथल्या हवेला जुळवून घेण्याचं काम ज्यांनी केलं त्यात जी. मार्शल वुड्रो यांचं नाव घ्यावं लागतं. ते पुण्याच्या गणेशखिंड बागेचे अधीक्षक होते आणि कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत. ही बाग १८७३ सालची. त्यांचं 'गार्डनिंग इन इंडिया' हे पुस्तक बरीच वर्षं बागवाल्यांच्या हाताशी असे. आजही पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं मोठं प्रदर्शन भरतं ते प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, ऐन जानेवारीत. इंग्लंडात त्या वेळी बागा झोपलेल्या असतात. साहेबांनी शेवटी आपल्या ऋतूपुढं हात टेकले, ही त्याचीच खूण म्हणायची.

दुकान १८८४, कालवा १८८५

आपल्या भागाच्या फुलांच्या दृष्टीनं दोन लागोपाठची सालं मला महत्त्वाची वाटतात.

पहिलं १८८४. त्या वर्षी पुण्यात पेस्टनजी पोचा या पारशी गृहस्थांच्या बियाण्याच्या व्यवसायाची सुरुवात झाली. पुढं 'पोचांचं बी' हा शब्दच झाला. फुलांचं बी हे साहेबाच्या बंगल्यापुरतं न राहता इथल्या माणसाला दुकानात, टपालानं, पाकिटातून मिळू लागलं. शाळांच्या बागा, रेल्वे स्टेशनं, साखर कारखान्यांच्या वसाहती, सगळीकडं ही पाकिटं पोचली.

दुसरं १८८५. त्या वर्षी नीरा डावा कालवा सुरू झाला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी ज्या योजना हाती घेतल्या गेल्या, त्यातला हा कालवा. भाटघरच्या धरणातून सोडलेलं पाणी नीरेतून वीरपर्यंत येतं आणि तिथून डाव्या काठानं बारामती-इंदापूरकडं वळवलं जातं. बारामती तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडायची. कालव्यानं आपला मुलूख दोन भागांत वाटला : पाटाखालचा बागायती आणि पाटाबाहेरचा जिरायती. बागायतीत पुढं ऊस आला, कारखाने आले. जिरायतीत माणसं पावसाकडं बघत राहिली. आपली सोसायटी ज्या माळावर उभी आहे तो पट्टा मनानं अजून जिरायतीच आहे. इथं पाणी मोजूनच वापरावं लागतं.

आजी मूळच्या इंदापूर तालुक्यातल्या, भीमेच्या काठच्या. उजनीचं धरण झालं, १९८० साली पूर्ण झालं, आणि त्यांचं गाव पाण्याखाली गेलं. त्या भागात पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की उघडं पडतं, ते पुष्कळांनी पाहिलं असेल. आजींच्या घराची मात्र भिंतसुद्धा वर आली नाही. घर सोडताना त्यांनी भांडीकुंडी, देव आणि एक डबा आणला. डब्यात गाठोड्या बांधलेलं बी होतं : गावठी झेंडू, ॲस्टर आणि झिनिया. झिनिया गावच्या शाळेच्या बागेतली. शाळेत फुलांचं बी पुण्याहून यायचं, एवढंच त्यांना आठवत होतं.

उन्हाळी फुलं मुळात परदेशी

पुढच्या रथसप्तमीला मी आजींकडं गेलो. माघ शुद्ध सप्तमी. अंगणात दूध उतू घालून झालं होतं. आजी म्हणाल्या, "आजपासून सूर्याचा रथ वळला, ऊन वाढणार. ज्याला ऊन मानवतं त्याचंच बी आज टाकायचं." आणि डबा उघडला.

मला वाटलं होतं ही आपली अस्सल देशी फुलं. नंतर वाचलं तर गंमतच. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या नाहुआ लोकांच्या भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फुलं', म्हणजे भरपूर पाकळ्यांचं फूल. तिकडं आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आपल्या दिवाळीच्या आसपास, पितरांच्या दिवशी कबरींवर झेंडूचे ढीग घालतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडं आला असं मानतात. गोव्यात कोंकणीत झेंडूच्या फुलांना 'रोजां' म्हणतात. गुलाबाचं पोर्तुगीज नाव झेंडूला चिकटलं ते असं. ज्या फुलाशिवाय आपला दसरा होत नाही, ते शिवरायांच्या जन्माआधी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या खंडात नव्हतंच.

झिनियाही मेक्सिकोची. योहान गोटफ्रीड झिन या जर्मन प्राध्यापकाचं नाव तिला मिळालं. गलांडा उत्तर अमेरिकेतला. आपण ज्याला 'ऑफिस टाइम' म्हणतो तो चिनी गुलाब नावानं चिनी, पण गाव दक्षिण अमेरिका. ही सगळी कडक उन्हाच्या, उघड्या माळाच्या देशांतली. म्हणूनच बारामतीच्या मे महिन्यात तग धरतात. बियांपासून दरवर्षी लावायचं आपलं खरं जुनं फूल म्हणजे तेरडा, आणि तो पावसाळ्यातला. बाकी कण्हेर, जास्वंद, मोगरा, शेवंती ही फांदीनं किंवा मुनव्यानं लावायची.

आजींची रीत

नव्या सभासदांसाठी ही रीत लिहून ठेवतो, कारण आजवर ती तोंडीच चालत आली.

रथसप्तमीच्या आधी आठवडाभर वाफा खणून उन्हात तापवायचा. कुजलेलं शेणखत चाळून घ्यायचं. कच्चं शेणखत घातलं की हुमणी आणि वाळवी आलीच. वाफा वीतभर उंच करायचा, म्हणजे पाणी साचत नाही. बोटानं रेघा ओढून झेंडू आणि झिनियाचं बी पेराएवढंही नाही, जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल टाकायचं आणि चाळलेल्या मातीनं झाकायचं. चिनी गुलाबाचं बी रव्याहून बारीक. ते झाकायचंच नाही, वाळूत मिसळून वरच्या वर भुरभुरायचं, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. चारी बाजूंनी चुलीतली राख ओढायची, नाहीतर मुंग्या बी उचलून नेतात. वर जुनं पातळ अंथरायचं. ते ओल धरतं आणि चिमण्यांना कोंब टोचू देत नाही. पाणी झारीनं, सकाळी. संध्याकाळी भरपूर पाणी घातलं की रात्रीच्या गारव्यात रोपं बुडापासून कोलमडतात.

चार ते सात दिवसांत कोंब दिसतात. दिसले की पातळ लगेच काढायचं. तीन-चार आठवड्यांनी, चार-सहा पानं झाली की ऊन उतरल्यावर रोपं जागेवर लावायची. झेंडू वीतभर झाला की शेंडा खुडायचा, फांद्या फुटतात. रथसप्तमीपासून अक्षय तृतीयेपर्यंत साधारण पंच्याऐंशी दिवस येतात, आणि तेवढ्यात झिनिया आणि झेंडू दोन्ही फुलावर येतात. आजींचा हिशोब हाच : "रथसप्तमीला बी, आखितीला फूल." आखितीला पितरांच्या केळीवर वाहायला फूल घरचं असावं, ही त्यामागची खरी निकड. आजींना पितरांच्या नावानं जायला गावच उरलं नव्हतं.

विकतचं बी आणि डब्यातलं बी

मधल्या काळात बियांची दुनिया बदलली होती. १९८८ च्या नव्या बियाणे धोरणानं भाजीपाला आणि फुलांच्या बियांची आयात मोकळी केली आणि बाजारात रंगीबेरंगी संकरित वाण आले. आपल्या शेजारीही मोठी कामं झाली. १९७१ साली सुरू झालेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शारदानगरच्या परिसरात १९९२ मध्ये कृषी विज्ञान केंद्र आलं. ९८ किंवा १०४ कप्प्यांच्या प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट भरून एकेका कप्प्यात एकच बी टाकायची पद्धत या भागात शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं गणेशखिंडच्या केंद्रातून ॲस्टरचे 'फुले गणेश' वाण दिले. वुड्रो साहेबांची तीच गणेशखिंड.

मी स्वतः संकरित झेंडूचं बी आणून लावलंय. फुलं मुठीएवढी आली. पण त्याच फुलांचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर एक झाड उंच, एक बुटकं, फूल कुठं एकेरी, कुठं दुहेरी. संकरित बी पहिल्या पिढीपुरतं एकसारखं असतं. पुढच्या पिढीत आजोबा-पणजोबांचे गुण वेगवेगळे डोकं वर काढतात. यात फसवणूक काही नाही, ते बी तसंच असतं. बाजाराला माल द्यायचा असेल तर तेच योग्य. पण डब्यात ठेवून पोरीबाळींना द्यायचं असेल तर गावठी बीच लागतं.

दोन दुष्काळ

हा लेख ज्यासाठी लिहिला तो भाग आता येतो.

२०१२-१३ चा दुष्काळ सगळ्यांच्या लक्षात असेल. टँकर लावला होता. सर्वसाधारण सभेत ठराव झाला : झाडांना पाणी बंद. ठरावावर माझीही सही आहे आणि तो तेव्हा बरोबरच होता. त्या रथसप्तमीला वाफा झाला नाही. आजी काही बोलल्या नाहीत. पुढच्या माघात, २०१४ साली, त्यांनी डबा उघडला. झिनिया निम्मी-अर्धी उगवली. झेंडूची मोजून नऊ रोपं आली. ॲस्टरचा एक कोंब दिसला नाही. ॲस्टरचं बी आपल्या उष्ण हवेत वर्ष-दोन वर्षांतच दम तोडतं, हे मला नंतर कळलं. आजी चाळीस वर्षं ते लावत आल्या होत्या. घर पाण्यात गेलं तरी ते बी गेलं नव्हतं, ते आपल्या सोसायटीत गेलं. सबंध वाफा नको होता, एका कुंडीनंसुद्धा ते वाचलं असतं. ते तेव्हा कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

२०१६ साल आलं. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते वर्ष. जानेवारीतच पेपरात एक फोटो आला होता : अंतराळ स्थानकात अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली यांनी फुलवलेली नारिंगी झिनिया. तिथंही रोपांना बुरशी लागली होती, त्यांनी ती निगुतीनं जगवली. मी तो फोटो आजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "आभाळात पाणी घालाया माणूस हाय, मग हितं का नसावं?"

त्या वर्षी वाफा नव्हता, पण सहा कुंड्या होत्या. आजी स्वतः दारोदार गेल्या. प्रत्येक घराकडं त्यांनी एकच मागितलं : तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, एक तांब्या, साबणाचं नको. पहिल्या दिवशी चार घरांनी दिलं. आठवड्याभरात जिन्याखाली बादली ठेवावी लागली. ए इमारत आणि बी इमारत पाण्याच्या वेळेवरून तेव्हा एकमेकांशी धड बोलत नव्हती, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या बादलीत दोन्हीकडचं पाणी पडत होतं. आखितीला सहा कुंड्यांत फुलं आली. आजींनी प्रत्येक घरी एक फूल दिलं आणि बाकीची झाडावरच वाळू दिली. "फूल खुडलं की एक दिवस. वाळवलं की सालभर," म्हणाल्या.

आज आपल्या वाफ्यात जी झिनिया आणि जो झेंडू येतो, तो त्या सहा कुंड्यांचा वंश आहे.

आता पुढं

आजी गेल्या त्याला चार वर्षं झाली. डबा त्यांच्या सूनबाईंकडं आहे. रथसप्तमीला अजून बी पडतं, पण राखेची रेघ ओढायला हात कमी होत चाललेत.

येत्या सर्वसाधारण सभेत पूर्वेच्या भिंतीलगत फरशी घालून पार्किंग वाढवण्याचा विषय आहे. माझ्या मुलाचीही गाडी बाहेर रस्त्यावर उभी असते, त्यामुळे अडचण मला कळते. गाड्या महत्त्वाच्या की फुलं, असा वाद मला घालायचा नाही. मी एवढंच सुचवतो की फरशी घालायची झालीच, तर उत्तरेच्या कोपऱ्यातला दहा फूट पट्टा मोकळा ठेवावा. तेवढीही जागा नसेल तर सहा कुंड्या ठेवाव्यात. सहा कुंड्यांत बी जगतं, हे आपण करून पाहिलेलं आहे. शून्य कुंड्यांत जगत नाही, हेही करून पाहिलेलं आहे.

बी डब्यात सुरक्षित असतं असं आपल्याला वाटतं. डबा फार तर वर्ष-दोन वर्षं सांभाळतो. त्यापुढं त्याला माती आणि कुणाचा तरी हात लागतोच. मेक्सिकोपासून भीमेच्या काठापर्यंत आणि तिथून आपल्या मुरमाड माळापर्यंत ही फुलं आली, ती दरवर्षी कुणीतरी वेळेवर पेरली म्हणून.

या स्मरणिकेच्या प्रकाशनाच्या दिवशी प्रत्येक कुटुंबाला कागदाची एक छोटी पुडी मिळेल. त्यात दहा बिया झिनियाच्या आणि दहा झेंडूच्या आहेत. सूनबाईंनी डब्यातूनच काढून दिल्यात. मुलांकडून येत्या रथसप्तमीला पेरून घ्या. आखितीला फूल आलं की एक देवाला, एक पितरांना, आणि निदान दोन झाडावर वाळू द्या. त्यांचं बी जिन्याखालच्या डब्यात परत आणून टाका, म्हणजे पन्नासाव्या वर्षीच्या स्मरणिकेत हा लेख कुणाला तरी पुढं लिहिता येईल.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.